पोकळ धातूच्या गोळ्यात विद्युत क्षेत्र शून्य, मग विभवही (पोटेन्शियल, म्हणजे एकक प्रभारामागची स्थितिज ऊर्जा) शून्य का नाही?

कारण क्षेत्र म्हणजे विभवाचा उतार, विभव नव्हे. पणजीत आल्तिनो टेकडीच्या माथ्यावर सपाटीला चालताना चढ लागत नाही, पण म्हणून आपण मांडवी नदीच्या पातळीला आलेलो नसतो! गोळ्याच्या आत विभव सगळीकडे पृष्ठभागाइतकंच राहतं. १० सेंमी त्रिज्येच्या गोळ्यावर १ मायक्रोकूलॉम प्रभार दिला, तर आत सर्वत्र ९०,००० व्होल्ट (पोकळीत दुसरा प्रभार नसेल तर). फोंड्यात बारावीला शिकवताना मुलं खरी अडकतात ती दंडगोलात. तिथेही आत क्षेत्र शून्यच, पण बाहेर ते १/r ने घटतं (r म्हणजे अक्षापासूनचं अंतर), विभव लॉगॅरिदमने, म्हणजे कितीही दूर गेलं तरी ते कुठल्याच ठरावीक मूल्यावर स्थिरावत नाही. त्यामुळे अनंत लांबीच्या दंडगोलासाठी ‘अनंतावर विभव शून्य’ धरता येत नाही. संदर्भबिंदू ठरावीक अंतरावर घ्यावा लागतो.