स्पीकरचा पोर्ट कापायच्या आधी बॉक्स मोजून घे

अरे थांब, बास घुमतोय म्हणून स्पीकर बॉक्सचा पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जायचा पाईप, कापायला निघालायस, पण त्याला करवत लावू नकोस, कारण पाईप कापला की ट्यूनिंग (बॉक्स आणि पोर्टमधली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला घुमते ती) वर जातं आणि तुझा बास आधीच घुमतोय म्हणजे ट्यूनिंग बहुतेक वरच बसलंय, तिथे पाईप लांब करावा लागेल. आधी इम्पिडन्सचा, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचा, ग्राफ काढ. दोन उंचवटे दिसतील, मधला खड्डा ज्या फ्रिक्वेन्सीला तेच खरं ट्यूनिंग, कॅल्क्युलेटर काहीही म्हणो. ४० हर्ट्झ ठरवलं आणि खड्डा ४६ ला आला तर लांबी वाढवून परत मोज. उंचवटे बुटके आले तर हवा गळतेय, टर्मिनल प्लेट (बॉक्सला वायर जोडायची पट्टी) आणि वायरचं भोक आधी बघ, माझं तिथेच गळत होतं. आणि ट्यूनिंगच्या खालचे टोन मोठ्या आवाजात अजिबात वाजवू नकोस, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) मोकाट सुटतो, ड्रायव्हर, म्हणजे बॉक्समधला स्पीकरच, जाईल!