विचारा बिनधास्त : खाऱ्या वाऱ्यातला हीट पंप

प्रश्न : आमचं घर गुहागरजवळ, बीचपासून चालत पाच मिनिटं पण नाही. चार खोल्यांचा होमस्टे करतोय. आत्तापर्यंत न्हाणीत चूल आणि त्यात सोडणं (नारळाची वरची सालं)-झावळ्या असंच चालायचं, पण पाहुण्यांना बटण दाबलं की गरम पाणी हवं असतं. चार गीझर लावले तर बिलाची भीती वाटते. सोलरवाला येऊन बघून गेला, म्हणाला माडांची सावली आहे आणि कौलांवर बसवणं पण अवघड. आता एक जण हीट पंप घ्या म्हणतोय, 300 लिटरचा. सासरे म्हणतात समुद्राकाठी असलं मशीन दोन वर्षांत गंजून जाईल. काय करू?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, सासऱ्यांचं म्हणणं अगदीच खोडून काढू नका, ते अर्धं बरोबर आहे.

आधी मशीन काय करतं ते बघू. फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तसाच हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात टाकतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला, पाणी थेट विजेवर तापत नाही. कोकणातली हवा बाराही महिने कोमट आणि दमट, म्हणजे याच्यासाठी एकदम मस्त, भर पावसाळ्यात सूर्य महिना महिना दिसत नाही तेव्हासुद्धा हा चालतो.

आता हिशोब. 300 लिटर पाणी 27 डिग्रीवरून 55 वर न्यायला साधारण 10 युनिट उष्णता लागते. गीझर ती सगळी विजेतून घेणार. चांगला हीट पंप तुमच्या हवेत एका युनिटमागे तीन-साडेतीन युनिट उष्णता देतो, म्हणजे काम तीनेक युनिटमध्ये होतं. रोजचे 7 युनिट वाचले, हिशोबाला 10 रुपये युनिट धरा, 70 रुपये. खोल्या वर्षातून 200 दिवस भरलेल्या धरल्या (शिमगा, मे महिना, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार धरून एवढं होत असेल तर छानच) तर वर्षाचे 14 हजार. गीझर सोडून हीट पंप घ्यायला वरचे 80-90 हजार जात असतील तर ते वसूल व्हायला सहा वर्षं. आणि इथेच सासऱ्यांचा मुद्दा येतो, कारण तीन-चार वर्षांत कॉइल गेली तर सगळा हिशोब बोंबलला. सेल्समन तुम्हाला वीजबचतीचा आकडा दाखवत बसेल, पण तुमच्याकडे पैसे वसूल होणार की नाही ते मशीन कुठे ठेवता आणि किती वेळा धुता यावर ठरतं.

कॉइल म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, त्यात मिठाचा ओलावा बसला की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं, पांढरी पूड धरते आणि मग बोट लावलं तरी पट्टी चुरा होऊन पडते. समुद्राकाठचे जुने एसी मागून बघा, अगदी हेच दिसेल. पट्ट्या गेल्या की मशीन हवेतली उष्णता ओढू शकत नाही, कॉम्प्रेसर तासन्‌तास चालत राहतो आणि बिल गुपचूप वाढतं.

विक्रेता म्हणेल 'ब्लू फिन आहे मॅडम, काय होत नाही.' निळा रंग बघून भुलू नका. बऱ्याचदा तो थर पाणी पट्टीवर न थांबता ओघळून जावं एवढ्यासाठीच असतो. इपॉक्सीचं गंजरोधक कोटिंग वेगळं, ते आहे का आणि सॉल्ट स्प्रे टेस्ट (मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवून गंज बघतात ती) किती तासांची झालीये ते लेखी मागा. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात समुद्रापासून अमुक अंतराच्या आत वॉरंटी नाही असं छापलेलं असेल तर ते पैसे द्यायच्या आधी वाचा, नंतर वाचून भांडण करण्यात अर्थ नाही.

जागा. घराच्या पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून अजिबात नको. पूर्वेकडची पडवी किंवा परसदार बघा, म्हणजे खारा वारा आधी घराला आपटेल. पण कोंडून टाकू नका, त्याला हवा लागते आणि तो थंड हवा बाहेर फेकतो, बंद खोलीत ठेवला तर स्वतःचीच थंड हवा परत परत ओढून दमतो. माडाखाली नको, कारण सांगायला नको. खाली फूट-दीड फूट चौथरा, कारण पावसाळ्यात अंगणातलं पाणी आणि पागोळ्यांचे शिंतोडे दोन्ही उडतात. बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे, आणि चौथऱ्यात नीट पक्के, नुसते पत्र्याच्या स्टँडवर उभं करून जाऊ देऊ नका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे काय झालं ते तुम्ही तिकडचे लोक माझ्यापेक्षा जास्त जाणता. ड्रेनचा पाइपही विसरू नका, दमट दिवसात मशीनमधून पाणी भरपूर गळतं, ते गळती समजून घाबरायचं नाही पण चौथऱ्यावर साचूही द्यायचं नाही.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. छपराखाली ठेवलेल्या मशीनला गंज कमी लागेल असं वाटतं ना? उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशातलं मीठ तिथेच बसून राहतं. म्हणून पडवीत ठेवलंत तर धुणं तुमच्याकडे. ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी मेन स्विच बंद करून साध्या पाइपने गोड्या पाण्याने कॉइल धुवायची, वरून खाली, हलक्या हाताने. सर्व्हिसिंग सेंटरवाला प्रेशर वॉशर नको, पट्ट्या दुमडतात. आणि विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते मुळीच नको, मीठ धुवायला मीठच वापरल्यासारखं होईल. चकचकीत प्लास्टिकचं कव्हर घालून गुंडाळून ठेवणारे पण भेटतील, आत ओल कोंडते, ते काढायला सांगा.

त्या पाण्याचाच दुसरा मुद्दा म्हणजे टाकी. 'स्टेनलेस आहे, गंजत नाही' हे ऐकून घ्यायचं आणि पाणी तालुक्याला किंवा रत्नागिरीला लॅबमध्ये देऊन क्लोराइड (म्हणजे पाण्यातल्या मिठाचा अंश) तपासून घ्यायचं. क्लोराइड जास्त असलं की साध्या 304 स्टेनलेसला वेल्डिंगजवळ बारीक भोकं पडतात. अशा पाण्याला ग्लास लायनिंगची, म्हणजे आतून काचेचा थर दिलेली टाकी बरी, तिच्यात मॅग्नेशियमचा दांडा असतो तो टाकीच्या बदल्यात स्वतः झिजतो. तो दांडा दर वर्षी काढून बघायचा, संपला तर बदलायचा. हे काम मेकॅनिक आपणहून कधीच करत नाही, मागे लागावं लागतं.

वायरिंगचं थोडक्यात सांगते. अर्थिंग नीट, व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर, आणि बॉक्सची भोकं जाळीने बंद, नाहीतर पाल आत शिरून बोर्ड उडवते. मशीनमध्ये बॅकअप हीटर असतो, बसवून देणारा कधीकधी तोच चालू ठेवून जातो म्हणजे पाणी पटकन तापतं आणि गिऱ्हाईक खूश! सेटिंग तुमच्या समोर बदलून घ्या. हीट पंप हळू तापवतो, टाकीभर पाणी तापायला तीन-चार तास धरा, त्यामुळे दुपारी चालवा, हवा पण तेव्हा गरम असते.

होमस्टे जोरात चालणार असेल तर घ्या. घरातली तीनच माणसं वापरणार असती तर मी नको म्हटलं असतं. चूल मात्र मोडू नका, वादळात चार दिवस लाइट नसते तेव्हा सोडणंच कामाला येतात.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये होव्हला राहतो, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. गॅस बॉयलर जुना झालाय. हीट पंपला 7,500 पाउंड मिळतात ते खरं का? थंडीत घर गरम राहील का?
– एक वाचक, होव्ह

उत्तर : खरं आहे, इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारची ती योजना आहे. एमसीएस (हीट पंप, सोलर बसवणाऱ्यांना तिकडे मिळणारं प्रमाणपत्र) सर्टिफिकेट असलेला इन्स्टॉलरच तुमच्या वतीने अर्ज करतो आणि रक्कम बिलातून वजा होते, तुमच्या खात्यात येत नाही. घर गरम राहील, पण बॉयलरसारखं 70 डिग्रीचं पाणी रेडिएटरमध्ये फिरवायचं नसतं, 45-50 चं फिरवायचं आणि जास्त वेळ. त्यामुळे काही रेडिएटर मोठे लागतात. इन्स्टॉलर प्रत्येक खोलीचा हीट लॉस (भिंती-खिडक्यांतून किती उष्णता बाहेर जाते ते) मोजत नसेल, नुसता घर बघून आकडा सांगत असेल तर दुसरा शोधा. समुद्राजवळ थंडी आतल्या भागापेक्षा सौम्य असते हा तुमचा फायदा, खारा वारा हा तोटा, त्याचं वर ताईंना सांगितलंय तेच तुम्हालाही लागू. युनिट मागच्या बाजूला घ्या. घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जुनं रूप जपायचा म्हणून ठरवलेल्या भागात) असेल तर काउन्सिलला आधी विचारा.

प्रश्न : रत्नागिरीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बाल्कनी समुद्राकडे. दोघंच राहतो. हीट पंप बाल्कनीत बसेल का?
– एक काका, रत्नागिरी

उत्तर : बसेल हो काका, पण बसवू नका. दोघांच्या दोन बादल्यांसाठी एवढा खर्च कशाला, आणि बाल्कनी थेट वाऱ्याच्या तोंडावर. 15 लिटरचा फाइव्ह स्टार गीझर घ्या, आंघोळीच्या आधी चालू करा, झाली की बंद करा.