पहिलं प्रदर्शन लावताय? आधी घरच्या भिंतीवर लावा
निवडलेले 40 फोटो 15-18 वर आणा. सगळ्यांचे पोस्टकार्डाएवढे साधे प्रिंट काढून घरच्या भिंतीला चिकटपट्टीने लावा आणि आठवडाभर येता-जाता बघा. दोन फोटो तेच सांगत असतील तर एक उतरवा. बहुतेक वेळा ज्याच्यासाठी पहाटे चारला उठलात, तोच उतरवावा लागतो.

6000 बाय 4000 पिक्सेलची फाइल 300 डीपीआयला (म्हणजे इंचाला 300 ठिपके) 20 बाय 13 इंचांपर्यंत जाते. दोन-तीन फुटांवरून बघायचं असेल तर 200 डीपीआयही चालतं. ‘प्रिंट काळपट आला’ म्हणून लॅबवाल्याशी भांडण्याआधी स्वतःचा मॉनिटर बघा, ब्राइटनेस पूर्ण ठेवलेला असतो. तो 100 निट्सच्या (निट म्हणजे पडद्याची प्रखरता मोजायचं एकक) आसपास आणा आणि ज्या कागदावर अंतिम प्रिंट काढायचाय त्याच कागदावर ए4 आकाराचा चाचणी प्रिंट काढून सावल्यांमधला तपशील तपासा. कागद मॅट घ्या. ग्लॉसीवर दालनातले दिवेच जास्त दिसतात.

फ्रेमवाल्याला ‘माउंट (प्रिंट आणि काच यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट) घालूनच’ असं बजावा. प्रिंट थेट काचेला टेकला की मुंबई-कोकणच्या दमट हवेत चिकटतो, आणि ओढला तर शाईचा थरही निघतो. माउंट आम्लमुक्त हवा, साधा पुठ्ठा पिवळा पडतो. माउंटला प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन पट्ट्यांनी टांगा. चारही कडा चिकटवल्यात तर कागद फुगून लाटा येतात.

टांगताना फोटोचा मध्य जमिनीपासून 145-150 सेंटीमीटरवर ठेवा. मागची दोरी ताणून मोजल्याशिवाय खिळा ठोकू नका.