सौर प्रकल्पाच्या वाहनांनी खचलेला रस्ता कोणी करायचा?

प्रश्न : आमच्या गावात खासगी जमिनीवर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील (शेतीला दिवसा सौर वीज देण्याची राज्याची योजना) प्रकल्पाचे काम चालू आहे. साहित्य आणणाऱ्या अवजड वाहनांमुळे गावाकडे येणारा डांबरी रस्ता जागोजागी खचला आहे. रस्ता ग्रामपंचायतीचा नाही, असे सरपंच म्हणतात आणि ज्यांचा आहे ते निधी नसल्याचे सांगतात. माझी मुलगी अमेरिकेत इलिनॉय राज्यात असते. तिच्या काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) कंपनीला आधी रस्त्याचा करार करावा लागतो, असे ती सांगते. आपल्याकडे तसे का होत नाही?
— एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : आपल्या मुलीने सांगितले ते बरोबर आहे; मात्र त्यामागची व्यवस्था आपल्यापेक्षा वेगळी आहे. इलिनॉयमध्ये मोठा सौर प्रकल्प उभारायचा तर काउंटीची परवानगी लागते आणि त्यासाठी जाहीर सुनावणी होते. बांधकामापूर्वी रस्त्याची स्थिती नोंदवून घ्यायची आणि काम संपल्यावर तो पूर्ववत करून द्यायचा, अशी हमी कंपनी करारात देते. काउंटीचा हा अधिकार अमर्याद मात्र नाही. जानेवारी २०२३ मध्ये झालेल्या राज्याच्या कायद्याने घरांपासूनच्या अंतरासारख्या अटींच्या मर्यादा ठरवून दिल्या आणि त्या पाळणाऱ्या प्रकल्पाला नकार देण्याची मुभा काउंटीकडून काढून घेतली. ओहायो राज्याने २०२१ मध्ये नेमके उलटे केले. तेथील काउंटी आपल्या हद्दीतील ठरावीक भाग मोठ्या सौर प्रकल्पांसाठी बंद करू शकते.

आपल्या जिल्हा परिषदेला यांपैकी कोणताच अधिकार नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत निविदा आणि वीजखरेदी महावितरणच्या बाजूने होते, शासकीय जमीन जिल्हाधिकारी उपलब्ध करून देतात आणि खासगी जमिनीचा भाडेकरार होतो. या साखळीत रस्त्याची काळजी घेणारे कोणी नाही, आणि आपल्या तक्रारीचे मूळ तिथेच आहे. दोष एखाद्या अधिकाऱ्याचा मानून पाठपुरावा केला, तर फारसे हाती लागणार नाही.

म्हणून प्रथम रस्त्याचा दर्जा पाहावा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो आणि तक्रारीत तो लिहिला नाही, तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेला असेल, तर पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभालीची जबाबदारी मूळ ठेकेदाराची असते, हेही तपासावे. अर्थात अतिभारामुळे झालेली हानी माझ्या माथी मारू नका, असे तो म्हणणारच. तेही अगदी गैर म्हणता येणार नाही.

निधी नसल्याचे उत्तर बहुतेक वेळा खरे असते. जिल्हा वार्षिक योजनेत रस्त्यांची कामे मुख्यत्वे ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या गटांखाली) धरली जातात. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात न बसलेले काम वर्षाच्या मध्यात घुसवणे अवघड असते आणि घुसवले तरी दुसऱ्या एखाद्या गावाचा रस्ता मागे पडतो. कंपनीने केलेली हानी सार्वजनिक निधीतून भरून काढण्यातला अन्याय हाच आहे.

योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२३ पासून, प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला दरवर्षी ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. ‘ते पैसे येतीलच, त्यातून रस्ता करू’ असे गावोगाव बोलले जाते. माझे मत याच्या स्पष्ट विरोधात आहे. ही रक्कम गावाच्या सोयींसाठी आहे, कंपनीच्या वाहनांची नुकसानभरपाई म्हणून नाही. शिवाय १५ लाखांत एक किलोमीटर डांबरी रस्ताही पायापासून नव्याने होत नाही.

काम अजून चालू आहे, ही आपल्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि त्यात रस्त्याचा क्रमांक, खचलेल्या भागाची लांबी आणि दुरुस्तीची मागणी स्पष्ट लिहा. शाखा अभियंत्यासमक्ष रस्त्याचा पंचनामा करून छायाचित्रे जोडा. ठरावाच्या प्रती कंपनी, बांधकाम उपविभाग, गटविकास अधिकारी आणि महावितरणचे कार्यकारी अभियंता या सर्वांना द्या. वीजवाहिनीसाठी रस्ता खोदायचा असेल, तर रस्त्याच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते आणि त्या वेळी पूर्ववत करण्याचा खर्च किंवा अनामत मागता येते. वाटाघाटीसाठी जिल्हा परिषदेच्या हाती असलेली ही जवळपास एकमेव जागा आहे. वाहने क्षमतेपेक्षा जास्त भार नेत असतील, तर मोटार वाहन कायद्यानुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. तशी तक्रार परिवहन कार्यालयाकडे करावी. दंडाने रस्ता दुरुस्त होत नाही, पण कंपनी चर्चेला लवकर बसते.

ज्या गावांत प्रकल्प अजून यायचे आहेत, त्यांनी मात्र पहिला ट्रक येण्याआधीच रस्त्याची अट लिहून घ्यावी. प्रकल्पाला सरसकट विरोध करणाऱ्या ठरावापेक्षा असा अटींचा ठराव अधिक कामाचा ठरतो, कारण दिवसा शेतीला वीज मिळावी ही मागणी गावाचीही असते.

प्रश्न : जमीन पंचवीस वर्षांसाठी सौर प्रकल्पाला द्यायची आहे. भाड्याची वाढ आणि शेवटी पॅनेल काढण्याची जबाबदारी याबाबत काय पाहावे?
— एक शेतकरी, पुणे जिल्हा

उत्तर : योजनेत भाडे हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये किंवा जमिनीच्या मूल्याच्या ६ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, असे आहे. दरवर्षीची ३ टक्के वाढ मूळ दरावर सरळ पद्धतीने होते, चक्रवाढीने नाही. हेक्टरी १,२५,००० म्हणजे एकरी सुमारे ५०,००० रुपयांपासून सुरुवात झाली, तर पंचविसाव्या वर्षी भाडे ८६,००० रुपये होईल. चक्रवाढ धरली असती, तर ते एक लाखाच्या पुढे गेले असते. दलाल दुसरा आकडा सांगतात, म्हणून हा हिशेब स्वतः करून पाहावा.

पॅनेल, लोखंडी सांगाडे आणि काँक्रीटचे पाये कोण काढणार, किती महिन्यांत काढणार आणि तोवर भाडे चालू राहणार की नाही, हे भाडेकरारात लिहून घ्यावे. ई-कचरा नियम, २०२२ मध्ये सौर पॅनेलचा समावेश आहे. परंतु ते नियम कचऱ्याच्या विल्हेवाटीबद्दल आहेत, तुमचे शेत पुन्हा नांगरण्याजोगे करून देण्याबद्दल नाहीत. करार नोंदणीकृत असावा आणि कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला, तरी अटी नव्या मालकावर बंधनकारक राहतील, असे कलम त्यात असावे.

प्रश्न : आमच्या गावाकडची ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या पैशातून सौर पथदिवे लावणार आहे. हा खर्च नियमात बसतो का, आणि त्याचा हिशेब कुठे पाहायचा?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेली असते, पथदिव्यांचा खर्च उरलेल्या ४० टक्के अबंधित भागातून करता येतो, मात्र ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असायला हवे. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो. तिथे नोंद त्रोटक असेल, तर माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून मोजमाप पुस्तिका आणि देयकाच्या प्रती मागाव्यात. माहिती ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. बॅटरीची हमी किती वर्षांची, हेही त्याच अर्जात विचारावे, कारण असे दिवे बंद पडतात ते बहुधा बॅटरीमुळे.