ब्लीच, रंग झाले, तरी बुरशी परत येते? आधी पाणी कुठून येतंय ते शोधा

तुम्ही लिहिलंय की बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, कपाटामागे काळे ठिपके येतात. दोनदा ब्लीचने पुसलं, वरून बुरशीरोधक रंग दिला, तरी ते परत आले. 'आता कोणतं औषध मारू?' असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की औषध बदलून काही होणार नाही. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतातच, ते कुणालाच संपवता येत नाहीत. त्यांना वाढायला पाणी लागतं, आणि ते तोडणं आपल्या हातात असतं.

आधी एक साधी परीक्षा करा. भिंतीचा हातभर तुकडा पंख्याने किंवा हेअर ड्रायरने वरवर कोरडा करा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर थेंब असतील, तर ओल खोलीतल्या हवेतून येतेय. मागची बाजू ओली असेल, तर ती भिंतीतूनच येतेय.

भिंतीतून येत असेल तर बाहेरच्या भेगा, पन्हळी, खिडकीच्या कडा आणि पलीकडे बाथरूम असेल तर तिथले पाइप तपासा. सगळे नळ बंद करून झोपा. सकाळी पाण्याच्या मीटरचा आकडा पुढे गेलेला दिसला तर कुठेतरी गळती आहे. तळमजल्यावर, जमिनीपासून साधारण एक मीटरच्या आत पांढरा लोणा (क्षारांचा थर) धरला असेल आणि पोपडे सुटत असतील, तर पाणी खालून वर चढतंय. हे काम जाणकाराचं आहे, आतून वॉटरप्रूफ रंग फासून ते थांबत नाही. भिंत आतल्या आत ओलीच राहते आणि रंग फुगतो.

पण कपाटामागे म्हणालात, त्यामुळे माझा संशय हवेवर आहे. खोलीत २५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर भिंत १९ अंशांपर्यंत गार झाली की तिच्यावर पाणी धरतं. बुरशीला तेवढंही लागत नाही; भिंतीलगतच्या हवेत ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता टिकून राहिली तरी पुरते. कपाटामागे हवा फिरत नाही, भिंत गारच राहते, म्हणून नेमकं तिथेच धरतं. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. मशीनमधून काढलेल्या एका घाण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं. स्वयंपाक आणि आंघोळीनंतरही एक्झॉस्ट फॅन थोडा वेळ चालू ठेवा.

एक छोटा आर्द्रतामापक मात्र घ्याच. आकडा ६० च्या खाली ठेवायचा. 'खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्ला सरसकट कामाचा नाही: बाहेर उष्ण आणि दमट असेल तर खिडकीतून ओलच आत येते. अशा दिवसांत खिडक्या लावून एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालवलेला बरा.

आता साफसफाई. कोरड्या ब्रशने अजिबात घासू नका, बीजाणू घरभर उडतात. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घालून डाग आधी ओला करा, साबणाच्या पाण्याने पुसा आणि लगेच कोरडा करा. ब्लीचचा क्लोरीन गिलाव्याच्या वरच्या थरावरच संपतो आणि त्यातलं पाणी आत मुरतं. शिवाय ब्लीचमध्ये व्हिनेगर, अ‍ॅसिड किंवा अमोनिया असलेलं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. डाग दहा चौरस फुटांहून मोठा असेल किंवा घरात कुणाला दमा असेल, तर हे काम माणूस बोलावून करून घ्या, आणि दमा असलेल्या माणसाला तेवढा वेळ घराबाहेर ठेवा.

रंगाची घाई करू नका, भिंत पूर्ण सुकायला कित्येक आठवडे लागू शकतात. आधी फॉइल लावा. पाणी कुठल्या बाजूला दिसलं आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते इथेच लिहा, मग पुढचं ठरवू.