ग्रीकांना स्वातंत्र्य आयतं मिळालं का?

ग्रीसच्या नवारिनो उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी तुर्की-इजिप्शियन जहाजांचा चुराडा केला आणि ग्रीकांना स्वातंत्र्य आयतं मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. निम्मं खरं आहे. पण नवारिनो 20 ऑक्टोबर 1827 चं, आणि तुर्की सत्तेविरुद्धचा ग्रीकांचा उठाव मार्च 1821 चा. मधली साडेसहा वर्षं कोण लढत होतं?

सुरुवातीला तर युरोपातले राजे विरोधातच होते. उठावाचा नेता इप्सिलांतिसनं रशिया-तुर्की सीमेवरची प्रुत नदी ओलांडली ती रशियाच्या भरवशावर, आणि झारनं सरळ हात झटकले.

खरी कसोटी 1822 ची. तुर्की सेनापती द्रामाली पाशा वीस हजारांहून मोठी फौज घेऊन दक्षिण ग्रीसमधल्या आर्गोसपर्यंत आला. ग्रीक सेनानी कोलोकोत्रोनिसनं उघड्या मैदानात लढाई दिलीच नाही, उलट आसपासची पिकं जाळून टाकली. जुलैचं ऊन, दाणा नाही, पाणी नाही. पाशा कोरिंथकडे मागे फिरला, तर देर्वेनाकियाच्या खिंडीत वर ग्रीक माणसं दबा धरून बसलेली. शुद्ध गनिमी कावा! समुद्रावरही तेच. ग्रीक खलाशी कानारिसनं डांबर-गंधक भरलेलं जुनं गलबत रात्री तुर्की सरदारजहाजाला नेऊन अडकवलं, पेटवलं, आणि आपल्या माणसांसह होडीतून निसटला. तुर्कांनी खिओस बेटावर केलेल्या कत्तलीनंतरची ही गोष्ट. अर्थात कत्तली एकाच बाजूनं झाल्या असंही नाही. 1821 मध्ये त्रिपोलित्सा शहर पडल्यावर ग्रीकांनी तिथल्या मुस्लिमांचं आणि ज्यूंचं काय केलं, तेही वाचा.

मग घात केला तो भाऊबंदकीनं. लंडनच्या सावकारांनी 1824 मध्ये कर्ज दिलं, कागदावर 8 लाख पौंड. रोखे विकले 59 टक्के भावानं, म्हणजे हाती आलं बरंच कमी, आणि त्यातलाही मोठा वाटा आपसातल्या लढायांत गेला. 1825 मध्ये तुर्कांच्या मदतीला इब्राहिम पाशा इजिप्तची कवायती फौज घेऊन उतरला, तेव्हा कोलोकोत्रोनिस ग्रीकांच्याच कैदेत होता! त्याला घाईघाईनं सोडावं लागलं. 1826 मध्ये ग्रीकांचं मेसोलोंगी शहर पडलं आणि 1827 पर्यंत उठाव जवळजवळ विझलाच होता. इथे तुमचा मुद्दा मान्य: नवारिनो झालं नसतं तर खेळ खलास होता.

पण उठाव 1822 मध्येच चिरडला गेला असता, तर 1827 मध्ये ती आरमारं कुणासाठी आली असती?

फुकट मात्र काहीच मिळालं नाही. 1832 मध्ये तिन्ही सत्तांनी बव्हेरियाशी करार करून तिथला सतरा वर्षांचा राजपुत्र ओटो राजा म्हणून पाठवला. त्या करारावर ग्रीकांची सही नव्हती. दोनच वर्षांत त्याच्या राजवटीनं कोलोकोत्रोनिसला राजद्रोहासाठी मृत्युदंड सुनावला. पुढे माफी मिळाली, ती गोष्ट वेगळी.