तुटण्याआधी उतरणीची रेषा बघ

अरे, ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेल्या नमुन्यांची ताणचाचणी घेतोयस ना, मग नुसता तुटण्याचा भार लिहून थांबू नकोस. मध्ये मध्ये भार उतरव आणि ताण-विकृती आलेखावर (दर क्षेत्रफळामागचा भार विरुद्ध लांबीतली सापेक्ष वाढ) उतरणीच्या रेषेचा चढ मोज; तोच यंग गुणांक, म्हणजे पदार्थाचा ताठपणा. साध्या ॲल्युमिनियमचा यंग गुणांक सुमारे 70 गिगापास्कल. आकारमानाने 20 टक्के कण घातले की तो 100 च्या आसपास जातो. नमुना ताणत जाशील तसा हा आकडा घसरताना दिसेल. आतलं नुकसान ते हेच. कण तडकतात किंवा धातूपासून सुटतात आणि त्यांच्या वाट्याचा भार धातूवर येतो.

मोठे कण आधी फुटतात, त्यांच्यात मोठी खोट असण्याची शक्यता जास्त. पण मला जास्त धास्ती कणांच्या पुंजक्यांची वाटते; तिथल्या पोकळ्या चटकन एकमेकींना मिळतात. ओतताना ढवळणं कमी पडलं की पुंजके होतात. माझे कित्येक नमुने त्यातच गेले, आणि मी मात्र यंत्राच्या ग्रिपमध्ये (नमुना पकडणाऱ्या जबड्यात) चूक शोधत बसलो होतो.

तुटलेले दोन्ही अर्धे जपून ठेव. एसईएमखाली (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) समोरासमोरच्या जागी दोन्हीकडे कणाचा तुकडा दिसला तर कण फुटलाय; एकीकडे कण आणि दुसरीकडे खळगा असेल तर तो सुटलाय.